न्हाणीतला दरबारी

आमच्या औसा तालुक्यात पारावर नवं माणूस दिसलं की पाण्याच्या आधी 'कुठलं पाव्हणं?' येतं. मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि चहा येईस्तोवर तो आपल्याच साडूचा चुलत मेव्हणा निघतो. परवा रात्री आमच्या न्हाणीत साप निघाला, तेव्हाही हीच चौकशी झाली. फरक एवढाच, की पाव्हणं तोंड उघडत नव्हतं. उघडलं असतं तर आम्ही तिथं थांबलो नसतो, ही गोष्ट वेगळी.

साडेदहा वाजलेले, लाइट गेलेली. मी चूळ भरायला गेलो आणि मोबाइलच्या उजेडात भिंतीच्या चिरेपाशी बोटाएवढं जाड काहीतरी सरकलं. मी ओरडलो नाही. घरातले वेगळं सांगतात.

दोन मिनिटांत शेजारचे आबा काठी घेऊन हजर. "मण्यार हाय. सर बाजूला." आबांच्या हिशेबानं अंगावर पट्टा असलेलं सगळं मण्यारच. आई देवघरापाशी हात जोडून उभी. "मारू नका रे, मूळपुरुष हाय. आपलं माळवद पाडल्यापासून बिचारा जागा हुडकू लालाय." बायको पलंगावर चढून बसली, पण तिची नजर सापाच्या दिशेला नव्हती, वर ट्यूबलाइटकडं होती. तिथं एक पाल राहते. लग्नाला बारा वर्षं झाली, आमच्या घरात बायको त्या पालीइतकी कुणालाच घाबरत नाही.

मी आबांची काठी धरून ठेवली आणि तालुक्याच्या सर्पमित्राला फोन लावला. तो म्हणाला, "काका, येतो. तोवर लांबूनच बघा. पट्टे मानेकडं रुंद आन् शेपटीकडं पुसट असले तर कवड्या. मानेकडं नाहीत आन् शेपटीकडं ठळक असले तर मण्यार. पाठीच्या मधोमध षटकोनी मोठे खवले दिसले तर मण्यारच."

म्हणजे ओळखीच्या खुणा दोन्ही टोकांना, आणि आमच्या पाव्हण्याचं डोकं एका चिरेत, शेपूट बादलीमागं. दिसत होती ती मधली वीतभर. तपकिरी अंग, त्यावर पांढरट आडवे पट्टे, मधेच कुठं जाळीसारखे फाटलेले. षटकोन मी आठवीत सोडला तो सोडलाच. अर्धा तास मी त्या वीतभर अंगाकडं बघत उभा होतो. मुलगी बघायला गेल्यावरसुद्धा इतकं निरखलं नव्हतं.

सर्पमित्र आला, मिसरूडही धड न फुटलेला पोरगा. बादली सरकवली, वाकला आणि हसला. "कवड्या!" शेपटीकडं खरंच पट्टे विरून गेले होते. पोरानं उचलायला हात घातला तसा तो कडकडून चावला. बोटावर रक्ताचे ठिपके. आईनं हंबरडाच फोडला. पोरगं म्हणालं, "माय, विष नाही याला. दात तेवढे लांब हायत. मण्यारीचं उलटं, ती चावलेली कधी कधी कळतपण नाही. झोपेतच माणूस जातो." हे ऐकल्यावर त्या रात्री खाली अंथरूण टाकायला कुणी तयार होईना.

मग चहा झाला आणि पाव्हण्याचं खानदान निघालं. मण्यार नागाच्या कुळातली. कवड्या मात्र धामण आणि तस्करच्या गोतातला, पट्टेरी कवड्या त्याचा सख्खा भाऊ म्हणा. मण्यारीशी सोयरीक नाही, नुसते कपडे तसे. आमचा एक चुलतभाऊ असाच पांढरा कडक कुर्ता घालून फिरतो. एसटी स्टँडवर लोक त्याला आमदार समजून नमस्कार करतात. कवड्याला त्याच कापडापायी काठी मिळते. एरवी कापड कामाला येत असेल, आबांपुढं नाही येत.

कवड्याचं शास्त्रीय नाव ठेवणाऱ्यांनी तर कमालच केली. 'लायकोडॉन' म्हणजे लांडग्याच्या दाताचा आणि 'ऑलिकस' म्हणजे दरबारी. हे 'ऑलिकस' 1758 साली स्वीडनच्या लिनियस नावाच्या शास्त्रज्ञानं दिलेलं. तिकडं दरबारी, आमच्याकडं न्हाणीत, फुटक्या बादलीमागं.

"पण हा आला कशाला?" आबांनी विचारलं. मण्यार नाही म्हटल्यापासून ते जरा नाराजच होते.

"पाली खातो ना आबा. रात्री भिंतीभिंतीनं पालीच हुडकत फिरतो." पोरानं बरणीचं झाकण फिरवलं, भोकं नीट आहेत का बघितलं, गाडीला किक मारली.

बायको पलंगावरून उतरली ती थेट अंगणात.

"अहो, थांबवा की त्याला! काय खातो म्हणाला?"

गाडी पुलापलीकडं गेली होती. तेवढ्यात लाइट आली आणि ट्यूबलाइटच्या मागं पाल चुकचुकली.