बर्लिनची भिंत बघायची तर चेकपॉइंट चार्लीला नको, बर्नाउअर स्ट्रासेला जा

युरोप सहलीत बर्लिनला जेमतेम दोन दिवस मिळतात आणि टूरवाले त्यातला वेळ चेकपॉइंट चार्लीवर, म्हणजे पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या हद्दीवरच्या जुन्या तपासणी नाक्यावर घालवतात. तिथे फोटो निघतो, पण भिंत कळत नाही. रस्त्याच्या मधोमध उभी असलेली ती पांढरी केबिनसुद्धा नक्कल आहे. खरी केबिन नैऋत्येला, डाहलेमच्या अलाइड म्युझियममध्ये आहे.

एस-बानने (शहरी रेल्वेने) नॉर्डबानहोफला उतरा आणि लगेच वर येऊ नका. भिंत असेपर्यंत हे भुयारी स्टेशन बंद होतं. पश्चिम बर्लिनच्या गाड्या पूर्वेच्या हद्दीखालून जायच्या आणि इथे न थांबता पुढे निघायच्या. अशा 'भुताटकीच्या स्टेशनां'वरचं प्रदर्शन स्टेशनातच लावलं आहे.

वर आलात की 1.4 किलोमीटरचं स्मारक सुरू होतं. प्रवेश मोफत. 'भिंत' हा शब्द किती अपुरा आहे, ते इथे समजतं. पूर्वेकडून पश्चिमेला पळणाऱ्याला आधी आतली भिंत लागायची. मग हात लागताच इशारा देणारं तारांचं कुंपण, टेहळणीचे मनोरे, गस्तीचा रस्ता, दिव्यांची रांग, त्यापुढे दाताळ्याने विंचरलेली वाळू, आणि सगळ्यात शेवटी 3.6 मीटर उंचीची काँक्रीटची भिंत. वाळू विंचरायची ती पावलांचे ठसे उमटावेत म्हणून. भिंतीच्या माथ्यावर जाड गोल पाइप बसवला होता, हाताला धरायला कड मिळू नये म्हणून. आपण फोटोत बघतो ती फक्त ही शेवटची भिंत. अख्खा पट्टा एका तुकड्यात राखून ठेवला आहे आणि तो समोरच्या डॉक्युमेंटेशन सेंटरच्या मनोऱ्यावर चढल्याशिवाय दिसत नाही. हे सेंटर सोमवारी बंद असतं, तेव्हा बर्लिनचे दिवस ठरवतानाच सोमवार टाळा.

जिथे भिंत उरली नाही तिथे गंजलेल्या लोखंडी सळया रांगेने उभ्या आहेत. समोर उभं राहिलं की दोन सळयांमधून पलीकडचं गवत दिसतं. चार पावलं बाजूला सरकून तिरकं बघा, त्याच सळया एकमेकींना चिकटून भिंत होतात. ते जरूर करून बघा.

या रस्त्यावर घरं पूर्वेत आणि दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत होता. 13 ऑगस्ट 1961 ला पूर्वेने हद्द बंद केली, आणि नंतर ही दारंही बंद झाली तेव्हा लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. 22 ऑगस्टला इडा झीकमान अशाच उडीत गेल्या. भिंतीचा तो पहिला बळी. भिंतीपाशी किमान 140 जीव गेले. त्यांच्या फोटोंची एक चौकट याच स्मारकात आहे, तिच्यापुढे थोडं थांबा.

इथूनच एम10 ट्रामने वारशाउअर स्ट्रासेला, ईस्ट साइड गॅलरीपाशी, म्हणजे भिंतीच्या चित्रं काढलेल्या लांब तुकड्यापाशी जाता येतं. तिथली चित्रं 1990 मधली, म्हणजे भिंत पडल्यानंतरची. भिंत असताना पूर्वेच्या बाजूला रंग लावण्याइतकं जवळ कोणालाही जाता येत नव्हतं.

तिकिटाचं नीट ऐका. शहरात फिरायला एबी झोनचं तिकीट पुरतं, विमानतळासाठी मात्र एबीसी झोनचं लागतं. स्टेशनवरच्या मशीनमधून कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत बसण्याआधी फलाटावरच्या पेटीत शिक्का मारून घ्या. गेटच नसल्याने हे राहून जातं. तपासनीस साध्या कपड्यात असतात, बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि दंड 60 युरो. एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण त्यावर परत फिरता येत नाही.

डाहलेमला जाणार असाल तर मराठी माणसाने आणखी एक दार बघावं. यू3 मेट्रोने फ्राये युनिव्हर्सिटेट (थीलप्लाट्झ) स्टेशनला उतरा आणि इहनेस्ट्रासे 22 शोधा. कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था इथे होती. इरावती कर्वे यांनी 1920 च्या दशकाच्या शेवटी इथे वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही, असा निष्कर्ष काढला. ही गोष्ट त्यांनी त्याच फिशरच्या संस्थेत मांडली, याचं मोल मला फार वाटतं. पुढे युद्धकाळात आउशवित्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर मेंगेले मृतांचे अवशेष याच संस्थेला पाठवत होता. आज तिथे फ्री युनिव्हर्सिटीचे वर्ग भरतात. भिंतीवर पाटी आहे, जर्मनमध्ये. फोनवर भाषांतर करून शेवटपर्यंत वाचा.