‘टॅबवरचा डेटा स्वच्छच असतो’ म्हणणाऱ्यांसाठी

सर्वेक्षणाच्या डेटावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. माहिती आता टॅबवर भरली जाते, म्हणून सफाईत आठवडे घालवू नका. काही चुकलं तर सॉफ्टवेअर सांगेलच. सरासरीपासून ±३ प्रमाण विचलनांच्या पलीकडचे आकडे उडवा. नमुना मोठा असेल तर उरलेल्या चुका आपोआप विरतात.

यातलं एकही विधान टिकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा डेटा बहुतेकांच्या हाती असतो, म्हणून उदाहरणं त्यातलीच घेतो.

टॅबपासून सुरुवात करू. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून या सर्वेक्षणाची माहिती कागदाऐवजी टॅबसारख्या छोट्या संगणकावर भरली जाते. पुरुषाला गरोदरपणाचे प्रश्न जात नाहीत, वयाच्या रकान्यात २५० भरता येत नाही, हा फायदा खराच. पण बाईंनी अंदाजाने ‘चाळीस’ सांगितलं तर टॅब ते मुकाट्याने घेतो. म्हणूनच ० आणि ५ वर संपणाऱ्या वयांची गर्दी आजही तपासावी लागते. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. स्त्रियांची सविस्तर मुलाखत १५ ते ४९ वयोगटात होते. ४९ वर्षांची बाई ५० ची नोंदवली की माहिती भरणाऱ्याची एक लांबलचक मुलाखत वाचते. अशी सरकवलेली वयं जगभरच्या अशा सर्वेक्षणांत सापडलेली आहेत. प्रत्येक नोंद एकेकटी पाहिली तर निर्दोष असते. ४८, ४९, ५०, ५१ या वयांच्या बायका शेजारी-शेजारी मोजल्या, तेही माहिती गोळा करणाऱ्या पथकानुसार, तरच खड्डा दिसतो.

‘सॉफ्टवेअर सांगेल’ या भरवशाने सर्वांत जास्त नुकसान होतं. सॉफ्टवेअर कमांड लिहिण्यातली चूक दाखवतं, अर्थातली नाही. स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये रिकामी नोंद कोणत्याही संख्येपेक्षा मोठी धरली जाते. ‘शिक्षण १० वर्षांपेक्षा जास्त’ एवढीच अट घातली, तर जिचं शिक्षण नोंदवलेलंच नाही ती बाईही शिकलेल्यांत जाऊन बसते. एसपीएसएस या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘माहीत नाही’चा ९८ हा कोड वेगळा जाहीर केला नाही, तर तो सरळ सरासरीत मिसळतो. ९५ जणींना सरासरी २ मुलं आणि ५ जणींपुढे ९८ असेल, तर सरासरी ६.८ येते. ही चूक निदान डोळ्यांत भरते.

न भरणारी चूक बघा. मुलांच्या उंचीचा झेड-स्कोअर, म्हणजे त्या वयाच्या निरोगी मुलांच्या मध्यापासून मूल किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा, या सर्वेक्षणाच्या फाइलमध्ये शंभरपटीने ठेवलेला असतो; −२०० म्हणजे −२. मोजमाप अशक्य वाटलं तर तिथे ९९९६, ९९९८ असे कोड असतात. आता ‘−२०० पेक्षा कमी म्हणजे खुजं, बाकी सगळे ठीक’ अशी ओळ लिहा. अशक्य मोजमापाची सगळी मुलं गुपचूप ‘ठीक’ ठरतात. समजा १००० मुलांत ३५० खुजी आणि ५० अशी कोडवाली आहेत. खरं प्रमाण ९५० पैकी ३५०, म्हणजे ३६.८ टक्के, तुमच्या पडद्यावर येतं ३५. कुठेही लाल अक्षर नाही, आकडाही पटण्याजोगा. देशातलं खुजेपणाचं प्रमाण चौथ्या फेरीत ३८.४ टक्के होतं आणि पाचव्यात ३५.५. म्हणजे चार-पाच वर्षांत झालेल्या सुधारणेच्या निम्म्याहून अधिक ‘सुधारणा’ त्या एका ओळीने घडवली.

±३ च्या नियमाचा मला मनापासून राग येतो. उंचीच्या मानाने वजनाचा स्कोअर −३ च्या खाली असणं हीच तीव्र कृशतेची व्याख्या आहे. पाचव्या फेरीत अशी मुलं ७.७ टक्के होती. हा नियम तिथे लावला की ती एकूणएक पुसली जातात. ज्यांच्यासाठी वजनकाटा दारोदार नेला, तीच मुलं. जागतिक आरोग्य संघटनेने या स्कोअरची मर्यादा ±५ ठेवली आहे, वयानुसार उंचीची ±६. मर्यादा विषय ओळखूनच ठरवाव्या लागतात, आणि कोणती नोंद का वगळली ते डू-फाइलमध्ये, म्हणजे स्टाटाच्या कमांडच्या यादीत, लिहावं लागतं. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

मोठ्या नमुन्याबद्दल थोडक्यात. पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबं होती. एवढ्या नमुन्यात योगायोगाची चूक आक्रसते, एकाच दिशेने ढकलणारी नाही. शिवाय लहान राज्यांतून लोकसंख्येच्या मानाने जास्त कुटुंबं घेतलेली असतात. भार, म्हणजे प्रत्येक नोंद किती वजनाने धरायची तो आकडा, न लावता काढलेली सरासरी देशाची नसतेच. भाराचा रकाना १० लाखांनी भागून वापरायचा असतो.

कोणतंही रिग्रेशन, म्हणजे घटकांमधला संबंध मोजणारं विश्लेषण, चालवण्याआधी पाचव्या फेरीतला खुजेपणाचा ३५.५ हा आकडा स्वतः काढून बघा. त्यासाठी मुलांची फाइल नाही, कुटुंबातल्या सदस्यांची फाइल लागते, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री त्या घरात झोपलेलीच मुलं मोजायची असतात. आकडा जुळला नाही तर भार, कोड आणि छेद (एकूण किती मुलांपैकी मोजलं) यांपैकी कुठेतरी गडबड आहे. ती सापडेपर्यंत पुढची कमांड देऊ नका.