हेडलाइटचा बझर : ‘वायरमन काका’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(तुम्ही ‘वायरमन काका’ या नावानं लिहिता म्हणून काका म्हणतोय. वयानं मीच मोठा निघालो तर सांभाळून घ्या.)

आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात. वडिलांच्या १९९७ च्या मारुती ८०० ला दोन वर्षांपूर्वी मी एक बझर बसवला आणि गेल्या आठवड्यात त्यावर लिहिलं. दिवे चालू ठेवून किल्ली काढली की तो ओरडतो. जोडणी साधी आहे. बझरची लाल वायर पार्किंग लाइटच्या लाइनला आणि काळी वायर बॉडीला अर्थ न करता इग्निशनच्या लाइनला. किल्ली चालू असताना दोन्ही टोकांना बारा व्होल्ट, म्हणून बझर गप्प. किल्ली बंद झाली की काळ्या टोकाचे व्होल्ट जातात, आणि दिवे चालू राहिले असतील तर बोंब सुरू.

यावर काकांचं म्हणणं असं: हा जुगाड आहे. फ्यूज नाही, डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) नाही. इग्निशनमध्ये उलटा करंट सोडून मी लोकांच्या गाड्या जाळायला निघालोय. करायचंच असेल तर रिले (विजेनं चालणारा स्विच) टाकून दिवे आपोआप बंद होतील असं करावं. आणि खरं तर काहीच करू नये, उतरल्यावर मागे वळून बघायची सवय लावावी. ‘आम्ही चाळीस वर्षं गाड्या चालवल्या, आम्हाला नाही लागला बझर.’

काका, फ्यूज आणि डायोडच्या बाबतीत कान पकडतो. मी टॅप (मूळ लाइनवरून काढलेला जोड) फ्यूजबॉक्सच्या पुढून घेतला होता, त्यामुळे लाइनला फ्यूज आहे असं मनाशी धरून चाललो. पण तो फ्यूज पंधरा अँपिअरचा आणि माझी वायर शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडी जाड. डॅशबोर्डच्या आत कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली असती तर फ्यूज उडायच्या आधी वायरच तापून वितळली असती. आता टॅपच्या अगदी जवळ, लाल वायरमध्येच, एक अँपिअरचा फ्यूज घातलाय. होल्डरसकट तीसेक रुपये लागले.

डायोडचं तर हसूच आलं मला माझं. दिवे बंद आणि किल्ली चालू, म्हणजे दिवसभरातली नेहमीची अवस्था, तेव्हा काळ्या टोकाला बारा व्होल्ट असतात आणि लाल टोक टेललाइटच्या बल्बमधून अर्थला गेलेलं असतं. म्हणजे बझरला सगळा वेळ उलटी पोलॅरिटी (प्लसच्या जागी मायनस) मिळत होती. पहिला बझर आठ महिन्यांत घोगरा होऊन मेला, आणि मी त्याला चायनीज माल म्हणून शिव्या घालत पुण्यातल्या तपकीर गल्लीतून दुसरा आणला! दोष मालाचा नव्हता. आता लाल वायरमध्ये १एन४००७ डायोड घातलाय, पांढऱ्या पट्ट्याची बाजू बझरकडे. दोन रुपयांची वस्तू. हे दोन्ही बदल मूळ लेखात तुमच्या नावानिशी घातलेत.

उलट्या करंटबद्दल मात्र पूर्ण मान्य नाही. तुमची प्रतिक्रिया वाचून त्याच संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो. सोसायटीचा वॉचमन टॉर्च धरून उभा होता. किल्ली काढलेली, दिवे चालू, बझर ओरडतोय. इग्निशन लाइनवर मोजलं तर अर्धा व्होल्टसुद्धा नाही. कारण साधं आहे. असा छोटा बझर घेतो जेमतेम वीस मिलिअँपिअर. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्या लाइनवर पेट्रोलचा काटा, टेंपरेचरचा काटा, कॉइल वगैरे मंडळी बसलेली असतात. त्यांच्यातून एवढा करंट अर्थला सहज निघून जातो आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. ‘डिझेल गाडी किल्ली काढूनही बंद व्हायची नाही’ असं तुम्ही लिहिलंत. डिझेल पंपावरचा सोलेनॉइड (किल्ली काढली की डिझेल तोडणारी विजेची झडप) एवढ्याशा करंटवर धरून राहत नाही, त्याला कितीतरी जास्त लागतो.

पण तुमच्या म्हणण्यात एक खरा धोका आहे आणि तो मी लिहायला हवा होता. बझरऐवजी कुणी जुना हॉर्न लावला, ‘आवाज मोठा येईल’ म्हणून, तर सगळं गणित फिरतं. हॉर्न काही अँपिअर ओढतो. तो सगळा करंट इग्निशनच्या लाइनमधून वाट शोधणार, आणि मग तुम्ही म्हणता तसले प्रकार होऊ शकतात. मोठ्या बल्बचंही तेच. या जोडणीत फक्त बझरच चालेल.

दुसरी माझी चूक म्हणजे ‘कोणत्याही जुन्या गाडीला चालेल’ हे वाक्य. ते काढलंय. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत इग्निशनची लाइन म्हणून जो फ्यूज हाताला लागेल त्याच्यामागे नुसता एखादा इलेक्ट्रॉनिक डबा असू शकतो. तो करंटला धड वाट देत नाही, लाइन मधल्याच कुठल्यातरी व्होल्टवर तरंगत राहते आणि बझर आजारी डासासारखा कुईकुई करतो. शिवाय कॉम्प्युटरच्या वायरीत टोचाटोची नकोच. तिथं तुमची पाच पिनांची रिले बरोबर. ८६ नंबरला इग्निशन, ८५ अर्थ, ३० ला पार्किंग लाइनचा टॅप, ८७ए वरून बझर, बझरचं दुसरं टोक सरळ बॉडीला. किल्ली चालू असेपर्यंत रिले ओढलेली राहते आणि बझरला पुरवठाच नसतो. किल्ली बंद झाली की ८७ए जोडला जातो. उलटा करंट नाही की काही नाही. ८७ नंबर मोकळा सोडायचा, पण टेप मारून. दिवे लागले की तिथं बारा व्होल्ट येतात.

आता दिवे आपोआप बंद करायचं. इथं मात्र तुमच्याशी भांडणार.

तुमच्या पद्धतीत हेडलाइटचा सगळा करंट माझ्यासारख्या हौशी माणसानं जोडलेल्या रिलेतून जाणार. तिचं एक वायरीचं टोक सैल झालं, संपर्क जळाले, बेसमध्ये पाणी गेलं, तर काय होईल? रात्री वळणावर दोन्ही दिवे एकदम जातील. बझर बिघडला तर काय होईल? गप्प बसेल. म्हणजे गाडी कंपनीतून आली तशी होईल, त्याहून वाईट नाही. जुन्या गाडीला वरून काहीही जोडताना मी एवढंच बघतो की ही वस्तू मेली तर सोबत कुणाला घेऊन जाईल. कंपनीनं दिवे इग्निशनवर टाकले असतील तर गोष्ट वेगळी, त्यांची जोडणी कारखान्यात ठरलेली आणि तपासलेली असते. माझी सीटखाली उताणं पडून, दातांनी वायर सोलून केलेली आहे.

आणि रात्री घाटात गाडी बंद पडली, किल्ली खिशात घालून माणूस बॉनेट उघडून उभा राहिला, तर मागचे लाल दिवे चालू राहायला नकोत का? ८०० ला ते किल्लीशिवाय चालतात ही सोय आहे. ती मी कापणार नाही.

राहिली सवय. काका, हा बझर ज्या दिवसामुळे आला तो दिवस सांगतो. साताऱ्याहून पुण्याला येत होतो, सकाळी दहाचं लख्ख ऊन. खंबाटकी घाटात पुण्याकडे येणारी वाहतूक बोगद्यातून जाते, म्हणून शिरताना दिवे लावले. लावायलाच हवेत. बोगद्यातून बाहेर पडल्याबरोबर वळणं आहेत, मागून ट्रक येत असतात, त्या क्षणी लक्ष स्टिअरिंगवर असतं, दिव्यांच्या दांडीचं टोक उलटं फिरवण्याकडे नाही. पुढे शिरवळ गेलं, कापूरहोळला आई म्हणाली आलोच आहोत तर केतकावळ्याला बालाजीचं दर्शन घेऊ. गाडी उन्हात लावली. उतरल्यावर मी मागे वळून बघितलं काका, शपथेवर सांगतो, दार लागलंय का ते बघायला. पण डोक्यावर सूर्य असताना गढूळलेल्या काचेमागचा हेडलाइट चालू आहे की बंद हे पाच फुटांवरूनसुद्धा कळत नाही. डॅशबोर्डवरचा निळा दिवा फक्त हाय बीमचा. मीटरमागचे दिवे दिवसा कोण बघतो!

दर्शन, प्रसाद, चपला शोधणं धरून अडीच तास गेले. परत येऊन किल्ली फिरवली तर स्टार्टर नुसता टक् टक्.

हिशेब नंतर केला. लो बीमचे दोन बल्ब पंचावन्न वॉटचे, म्हणजे ११०. पुढचे-मागचे पार्किंग, नंबरप्लेट, मीटरचे दिवे मिळून आणखी तीसेक वॉट. एकूण १४० धरा, म्हणजे साडेअकरा अँपिअरच्या आसपास. बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-तास). कागदावर तीन तास दिसतात, पण तो ३५ चा आकडा वीस तासांत हळूहळू काढलेल्या करंटचा असतो, असा भसाभसा काढला तर कमी भरतो. त्यात बॅटरी तीन वर्षांची, आणि स्टार्टरला एका दमात शंभरच्या वर अँपिअर पाहिजेत. दोन तासांतच तिनं राम म्हटला असणार. तिथल्या दोन-चार पोरांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली. पण अशी तळापर्यंत गेलेली शिशाची बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. दिवाळीआधी नवीन घ्यावी लागली, साडेतीन हजार गेले. बझरचे चाळीस रुपये त्यापुढे काय सांगायचे.

तेव्हा सवयीवर माझा विश्वास नाही असं नाही, पण सवय लागते रोज घडणाऱ्या गोष्टीची. रात्री दिवे लावले तर अंधारच आठवण करून देतो, तुमची चाळीस वर्षं बहुतेक तशीच गेली असतील. चुकतं ते दिवसा: बोगदा, पावसाळ्यातलं धुकं, दुपारची आभाळफुटी. महिन्यातून एकदा घडणाऱ्या गोष्टीची सवय कशी लावायची? नव्या दुचाकींना तर १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट इंजिनाबरोबरच लागतो. माझ्या मुलीच्या स्कूटरला दिव्याचा स्विचच नाही. ती ८०० शिकेल तेव्हा तिला ही सवय कुठून येणार?

तुम्ही जाता जाता विचारलंत की वडील काय म्हणतात. तीच खरी गंमत आहे. बझर बसवून झाल्यावर मी कौतुकानं किल्ली काढली, दिवे चालू ठेवले, तो छान टिटिटिटि करायला लागला. बाबा शेजारी बसून वाट बघतायत. ‘कधी वाजणार?’ म्हणाले. मी म्हटलं, वाजतोय की! वय शहात्तर. चार मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. वयानुसार आधी बारीक, चिरका आवाज जातो, आणि हा पहिला बझर पिएझो, म्हणजे पातळ चकती थरथरवून वाजणारा, नेमका तसलाच. घरात कुकरची शिट्टी बाबांना ऐकू यायची नाही तेव्हा आम्ही त्यांना दुर्लक्ष करणारे समजत होतो, हे तिथं बसल्याबसल्या डोक्यात आलं. पहिला बझर मेल्यावर दुसरा आणला तो जुन्या पद्धतीचा, घर्र असा जाड आवाज करणारा. करंट तेवढाच. तो त्यांना ऐकू येतो. इतका, की पेट्रोल पंपावर किल्ली काढल्याबरोबर दचकतात.

म्हणूनच पुढचा बदल दाराचा करतोय. तुमच्या रिलेवाल्या जोडणीत बझरचं दुसरं टोक बॉडीला न देता ड्रायव्हरच्या दाराच्या स्विचला द्यायचं, आतला दिवा लावतो त्याच स्विचला. दार उघडलं की तो अर्थ होतो. म्हणजे किल्ली बंद, दिवे चालू आणि दार उघडं, तिन्ही जमलं तरच घर्र. पंपावर बसून राहिलं तर शांत, घाटात मुद्दाम दिवे ठेवून दार लावून घेतलं तरी शांत. डायोड इथंही हवाच, कारण दार बंद असताना त्या वायरवर आतल्या बल्बमधून बारा व्होल्ट येऊन बसलेले असतात.

अडचण एकच, ड्रायव्हरच्या दाराचा स्विच गंजून आत रुतलाय. दोन दिवस तेल सोडतोय, हलत नाही. नुसता ओढला तर मागची वायर तुटून खांबाच्या आत जाईल अशी भीती वाटते. चाळीस वर्षांत असले पुष्कळ काढले असतील तुम्ही, तेवढी युक्ती सांगा.