रडली म्हणून बाळ बिघडत नाही हो, फॉरवर्डवाल्यांनो

माझ्या धाकट्या जावेला सातवा महिना लागलाय, पहिलंच आहे. परवा रात्री अकराला तिचा फोन, "ताई, आज तीनदा रडले, बाळाला काय होईल का?" मोबाईलमध्ये रोज किती वेळा रडली ते चक्क लिहून ठेवत होती ती! कारण काय, तर मामेसासऱ्यांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला 'गर्भवतीसाठी नियम' हा मेसेज. भिशीच्या ग्रुपवरही तोच आलाय, मला चौथ्यांदा आला तेव्हा डोकंच फिरलं, म्हणून एकदाच लिहिते.

"आईचा प्रत्येक अश्रू बाळाच्या मेंदूत उतरतो, टेन्शन घेणाऱ्या आईचं मूल मंद होतं." कुणी सांगितलं? आता यात अर्धवट खरं आहे तेही सांगते, नाहीतर कुणीतरी लिंक घेऊन येईलच. जबरदस्त ताण किंवा डिप्रेशन महिनोन्महिने राहिलं आणि उपचारच नाही झाले तर दिवस भरायच्या आधी बाळंतपण होणं, बाळाचं वजन कमी भरणं याचा धोका वाढतो. वाढतो, म्हणजे होतंच असं नाही. आणि नवऱ्यावर चिडून, पाय सुजले म्हणून, नाहीतर काहीच कारण नसताना रडू येणं म्हणजे ते नव्हे. उलट मेसेज वाचून पोरगी बाथरूमचा नळ सोडून रडायला लागली, हे टेन्शन कुणी दिलं?

पुढे म्हणे "संस्कारी घरातल्या सुनेला डिप्रेशन येत नाही." याचा मला सगळ्यात जास्त राग आला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात गरोदर बायकांपैकी साधारण १० टक्के आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांपैकी १३ टक्के जणींना मानसिक आजार होतो, बहुतेक वेळा डिप्रेशनच, आणि विकसनशील देशांत हेच आकडे १५.६ आणि १९.८ टक्के आहेत. म्हणजे आपल्यासारख्या देशांत बाळंतिणींपैकी जवळजवळ पाचातली एक. सगळी घरं काय बिनसंस्कारी आहेत का? दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जीव नकोसा वाटतोय असं असेल तर तेही आजारपणच, डॉक्टरला सांगायचं. आणि जीव नकोसा झाला असेल तर दोन आठवडे कशाला, त्याच दिवशी. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, चोवीस तास, फुकट.

मेसेजमध्ये अभिमन्यूही आहेच. त्या गोष्टीत सुद्धा सुभद्रेला झोप लागली म्हणून पोरगं अर्धवट शिकलं, हे खापर बिचारीच्या डोक्यावर अजून फुटतंय. दमलेली बाई झोपणार नाही तर काय! पोटातल्या बाळाला सहाव्या महिन्याच्या आसपास आवाज ऐकू यायला लागतात हे खरंय, बोला त्याच्याशी, गाणी म्हणा, मजाच आहे. परीक्षा समजून नको.

लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं? काळी होते ती शी, आईची. गोळी बंद करायची नाही, फक्त चहाबरोबर घेऊ नका. केशर दुधाने गोरं होतं यावर मी काही बोलतच नाही.

शेवटचा नियम, "बाळाची तयारी आधी करू नये, अपशकुन होतो." ऐका. तिचं घर सांगलीच्या गावभागात, तारीख ऑगस्टची. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर सांगलीकराला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. अशात फाईल, रिपोर्ट, रक्तगट, बाळाची दुपटी पिशवीत भरून ठेवणं हा अपशकुन? तिला खरी धास्ती त्याचीच होती, विचारलं तेव्हा अर्ध्या तासाने बोलली. मग आम्ही ठरवलं, पाणी ३५ फुटांवर गेलं की ती विश्रामबागला आमच्याकडे येणार, इथून मिरज जवळ आणि डॉक्टरही मिरजेचेच, गाडी कोण काढणार तेही ठरलं. त्या रात्री झोपली म्हणे.

रडण्याची यादी तिने पुसून टाकलीय. दिरालाही सांगितलंय, पुढच्या तपासणीला अर्धी रजा टाकून तू स्वतः जायचंस, आईला पाठवायचं नाही.