‘व्हिडिओ गेमचे अडीच हजार’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टार पोचला. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट लावून आभासी दृश्यात आगीचा आणि अपघाताचा सराव करायला तुम्ही कंपनीच्या बॅचबरोबर आमच्याकडे आला होता, फायरमन म्हणून 19 वर्षं काढून. तुमच्या तक्रारी अशा: होज, म्हणजे पाण्याची नळी, खेळण्यातली, तिला वजन नाही. दुपारी मळमळलं तरी कुणी विचारलं नाही. हेडसेटला घामाचा वास. माणशी अडीच हजारांत खरी मॉक ड्रिल झाली असती. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी ट्रेनर मंडळींना समोर बसवून त्या दिवशी काय काय झालं ते विचारलं.

मळमळीची चूक सरळ आमची. डोळे सांगतात जिना चढतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो जागेवर उभे आहोत, आणि या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. म्हणून आमचाच नियम आहे की जेवणानंतर तासभर हेडसेट नाही. तुमची बस उशिरा आली आणि आम्ही मसालेभात-मठ्ठ्यावर लगेच जिन्याचं दृश्य लावलं. शिवाय दोन डोळ्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, ते हेडसेटवर जुळवावं लागतं. घाईत पहिल्या माणसाचं सेटिंग सगळ्यांना चाललं. घामाचं म्हणाल तर स्पंजच्या गाद्या काढून पुसता येणाऱ्या बसवल्यात.

होजबद्दल वाद घालणार नाही. पाण्यानं भरलेली 63 मिलिमीटरची होज माणसाला कशी मागे रेटते, पाठीवर बीए सेट (धुरात श्वास घेण्यासाठी हवेची बाटली आणि मुखवटा) घेऊन चार मजले चढल्यावर बाटलीतली हवा किती भराभर संपते, हे हेडसेट शिकवत नाही. मी स्वतः कधी आगीच्या वर्दीवर गेलेलो नाही. तुमच्यासारख्याला हे मी काय सांगणार! आमच्या पोस्टरवर ‘खऱ्या आगीचा अनुभव’ असं छापलं होतं. ते खोटं होतं. उतरवलं.

‘व्हिडिओ गेम’ मात्र मान्य नाही. तिसरं दृश्य आठवा. सॉल्व्हंटच्या पिंपाचा स्फोट, 11 जखमी. गेटपाशी एकजण हात धरून ओरडत होता आणि तुमच्या नऊजणांतले सहाजण थेट त्याच्याकडे धावले. पिंपांमागे एकजण गप्प पडून होता, श्वास मिनिटाला 36. कोण कुठे वळलं याची रेषा नंतर पडद्यावर दाखवली तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. ‘चालता येतंय त्यांनी इकडे या’ अशी हाक आधी मारायची, येतील ते हिरवे, म्हणजे थांबू शकणारे. उरलेल्यांत श्वास 30 च्या वर, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधं सांगितलेलं कळत नाही, तो लाल, म्हणजे आधी उपचार त्याला. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तर काळी पट्टी लावून पुढे जायचं. जखमींतलं आधी कोण, नंतर कोण हे ठरवायची स्टार्ट नावाची ही पद्धत 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचचं अग्निशमन दल आणि तिथल्या एका रुग्णालयानं बसवली. कागदावर पाच मिनिटांत पाठ होते.

मॉक ड्रिलमध्ये जखमी म्हणून आपलाच पॅकिंगचा पोरगा लाल रंग फासून पडलेला असतो आणि हसू दाबत असतो. त्याला काळी पट्टी लावताना काहीच होत नाही. इथे तुमच्यातल्या एकाचा हात त्या पट्टीवर थांबला, मी काचेतून पाहत होतो. दुसऱ्या फेरीत थांबला नाही. तेच दृश्य तसंच्या तसं पुन्हा लावता येतं, अडीच हजार त्याचे आहेत.

14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजावर कापूस पेटला आणि त्याच जहाजात दारूगोळा होता. त्या स्फोटात गेलेल्या 66 अग्निशमन जवानांसाठी आपण दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतो. तिथे होज धरणारे हात कमी पडले नव्हते. स्फोट टाळायला जहाज बुडवायचं की नाही, हे वेळेत कुणी ठरवलं नाही. ठरवण्याचा सराव आम्ही देऊ शकतो. हातांचा सराव तुमच्या मैदानावरच व्हायला हवा.

एक गोष्ट तुम्ही अभिप्रायात लिहिली नाहीत, पण निघताना ट्रेनरला सांगितलीत: धुरात आम्ही पंजाची मागची बाजू भिंतीला घासत चालतो, उघडी वायर लागली तर हात आवळून चिकटू नये म्हणून, तुमच्या भिंतीतून हात आरपार जातो. अगदी खरं. मागच्या आठवड्यात दृश्यातल्या भिंतींच्या जागी हॉलमध्ये प्लायवूड उभं केलं. हेडसेटमध्ये भिंत दिसते तिथे आता हाताला लागतेही. फक्त दाराची कडी दिसते त्याच्या चार बोटं खाली बसलीय, सुतार शनिवारी येणार आहे. तुम्हीही या, फी नाही. सकाळी या, जेवणाआधी.