आघारकर आणि आमची द्राक्षबाग
वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्यावरील एक लेख वाचला; त्या लेखात कलकत्ता विद्यापीठातील त्यांच्या प्राध्यापकपदाची माहिती नेमकी आली आहे, मात्र जर्मनीतील वर्षे एका ओळीत उरकली, हे खटकले. मालवणात १८८४ साली जन्मलेला हा माणूस १९१४ मध्ये बर्लिनला शिकायला गेला, महायुद्ध पेटताच शत्रूराष्ट्राचा प्रजाजन म्हणून स्थानबद्ध झाला, आणि तरीही १९१९ मध्ये वायव्य भारतातील रुक्ष प्रदेशांतल्या वनस्पतींवर डॉक्टरेट मिळवूनच परतला. (सह्याद्रीतील नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश त्यांनाच सापडला होता, तोही वनस्पतिशास्त्रज्ञाला!)

निवृत्तीनंतर १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी हाती घेतली आणि ती १९६० पर्यंत सांभाळली. आज आघारकर संशोधन संस्था (एआरआय) असे त्यांचेच नाव धारण करणाऱ्या या संस्थेने काढलेले एआरआय-५१६ हे रसाचे द्राक्ष अमेरिकी कटाव्बा आणि ब्यूटी सीडलेस या द्राक्षजातींच्या संकरातून आले असून ते बुरशीला सहसा दाद देत नाही. नाशिकमध्ये ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की पानामागे डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा पांढरा थर धरतो आणि आम्ही पहाटेच फवारणीचा ट्रॅक्टर काढतो. म्हणून या वाणाबद्दल लेखात दोन ओळी तरी हव्या होत्या.