आवाज माझाच होता, पण ओळखू येईना

'आत्मविश्वास वाढवा' म्हणणाऱ्या रील्स बघून कुणाचा खरंच वाढलाय का हो? माझा तर ते चकचकीत चेहरे बघून होता तेवढाही गेला.

मी मिरजेत कांदा-लसूण मसाला करून विकते. पहिलं फेसबुक लाइव्ह केलं तेव्हा फोन तांदळाच्या डब्याला टेकवला होता. बघणारे ११ जण, त्यातले ६ घरचेच. सुरुवात केली, "नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण पाहणार आहोत..." जन्मात कधी मी काही 'पाहिलं' नाही, आम्ही बघतो. दोन मिनिटांत मावशीची कमेंट आली, "बरं नाही का गं तुला?"

नंतर तो व्हिडिओ लावला आणि स्वतःचा आवाज ऐकून कानच झाकले. किरटा, भलत्याच कुणाचातरी. भांगही उलट्या बाजूला. डिलीटच करून टाकला.

पुढे कळलं, यात माझा काही दोष नव्हता. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला कानांतून तर येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही येतो आणि त्यामुळे भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडं नसतात. म्हणजे तो किरटा आवाज जगाने जन्मभर ऐकलाय, तरी माझ्याशी बोलतंय! भांगाचंही तेच, आपल्याला आरशातल्या उलट्या चेहऱ्याची सवय झालेली. आणि नाक मोठं दिसत असेल तर फोन जरा लांब धरा. २०१८ साली अमेरिकेत डॉक्टरांनी हिशेब मांडला होता, १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. लोक असले सेल्फी घेऊन नाकाचं ऑपरेशन करायला जातात म्हणे.

मग मी फोन डोळ्यांच्या उंचीवर आणला (चार पाठ्यपुस्तकं आणि वर पोळ्यांचा डबा), खिडकी पाठीमागे होती ती समोर घेतली. निम्मं काम तिथंच झालं. ब्यूटी फिल्टर मात्र कानाला खडा. त्याने मला गोरी केली ती केली, मसालाही गोरा केला! एका ताईंनी पार्सल उघडून विचारलं, "हा लालभडक कसा? व्हिडिओत तर फिका होता."

एकदा कुणीतरी लिहिलं, "आधी 'ण' म्हणायला शिका." मी 'पानी' म्हणाले होते. त्या रात्री झोप आली नाही, खोटं कशाला सांगू. पंधरा दिवस लाइव्ह नाही. मग एका गिऱ्हाइकाचा फोन आला, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीत फरक काय? मी जी सुटले! ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, नुसती ब्याडगी घातली तर रस्सा दिसतो जाळ आणि लागतो मवाळ. खोबरं किती भाजायचं, हाताला तेल सुटलं पाहिजे पण करपता कामा नये... वीस मिनिटं बोलले, एकदाही अडखळले नाही. 'पानी' किती वेळा म्हटलं, देव जाणे. तिने तीन किलो मागवला. पुढच्या लाइव्हला तेच बोलले, तसंच.

म्हणून आता कुणी विचारलं, कॅमेऱ्यासमोर काय बोलू, तर मी विचारते, तुला घरी कशावर बोलताना थांबवावं लागतं?

परवा लाइव्हच्या मधेच कुकरची शिट्टी झाली. पूर्वी फोन बंद केला असता. आता तशीच उठले, गॅस बारीक करून आले. येऊन बघते तर मावशीची कमेंट, "दोनच झाल्यात, डाळ कच्ची राहील."